आधी दारात मांडा, मग कढईत घाला: यंदाचे स्क्वॉश

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीच्या दुकानाबाहेर स्क्वॉशचे, म्हणजे इथल्या तऱ्हेतऱ्हेच्या भोपळ्यांचे, ढीग लागतात आणि मराठी मंडळी हमखास विचारतात, यातला आपला लाल भोपळा कुठला? बटरनट घ्या. आपल्याकडचा बहुतेक लाल भोपळा आणि बटरनट एकाच प्रजातीचे, फक्त बटरनटला पाणी कमी आणि गोडी जास्त, त्यामुळे घारग्यांना गूळ जरा हात राखूनच घाला, कीस गुळात शिजवून त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. उपासाच्या भरितालाही हाच, वाफवून कुस्करायचा, दही, दाण्याचं कूट, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. बाकर भाजीला मात्र काबोचा, म्हणजे जपानी हिरवा भोपळा, मस्त, घट्ट असतो आणि सालासकट शिजतो. डेलिकाटा या लांबट, पट्ट्यांच्या स्क्वॉशचंही साल खाता येतं, नुसत्या चकत्या तव्यावर परता.

सजावटीसाठी आमचं आग्रहाचं सांगणं एकच, खाता येईल तेच मांडा आणि कोरू नका, रंगवू नका. कोरलेला पंपकिन आठवड्याभरात सडतो, अख्खा बटरनट मात्र थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. म्हणजे दिवाळीत रांगोळीशेजारी, आकाशकंदिलाखाली मांडायचा, थँक्सगिव्हिंगला टेबलावर, आणि मग खुशाल चिरायचा! एकॉर्न स्क्वॉश तेवढा आधी संपवा, तो महिना-दीड महिन्यापलीकडे चांगला राहत नाही.

घेताना देठ शाबूत बघा, आणि उचलताना देठाला धरू नका, तो तुटला की तिथूनच कुजायला लागतं. अख्खा फ्रीजमध्ये नको, 50 ते 55 फॅरेनहाइट त्याला मानवतं, सफरचंदांपासून लांब ठेवा. रात्री गारठा वाढला की पायरीवरचे आत घ्या, खारीही कुरतडतात.

आणि हे नीट वाचा: छोटे चट्ट्यापट्ट्यांचे, गाठीगाठींचे शोभेचे गोर्ड फक्त शोभेचेच, ते शिजवायचे नाहीत. कुठलाही स्क्वॉश कडू लागला तर कडू दुधीसारखाच, घास थुंका, सगळी भाजी टाकून द्या, साखर-गूळ घालून सावरत बसू नका, उलट्या-जुलाब होतात.

काबोचा कापायला फार कडक असतो, घरी सुरी घसरण्यापेक्षा काउंटरवर सांगा, आम्ही फोडी करून देतो, बियाही वेगळ्या बांधून देतो, धुवून वाळवून मीठ लावून भाजा.