चिलापीला औषध देण्याआधी चिकट थर तपासा

चिलापी (तिलापिया मासा) काठाला किंवा पाइपला अंग घासू लागली, खाद्य टाकूनही वर येईनाशी झाली, की बरेच जण थेट औषध आणायला जातात. आधी जिवंत मासा हातात घ्या. मासा मेला की परजीवी लवकर सोडून जातात. कालचा मेलेला मासा तपासून हाती काही लागत नाही.

काचपट्टीच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडा. निघालेला बुळबुळीत थर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात पसरून वर पातळ काच ठेवा. कल्ल्याचं टोकही कापून असंच पाहा. १०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. बशीसारखी, आत दातेरी कडं असलेली चकती गरगरत सरकताना दिसली तर ती ट्रायकोडायना, म्हणजे एकपेशी परजीवी. ताणणारा-आकसणारा, एका टोकाला आकडे असलेला जीव म्हणजे चपटकृमी: अंगावर बहुधा गायरोडॅक्टायलस, कल्ल्यांवर सिक्लिडोगायरस.

मोजक्या ट्रायकोडायना निरोगी माशावरही असतात. त्यांचं खाद्य म्हणजे पाण्यातले जिवाणू आणि सेंद्रिय कण. त्यामुळे तळाशी कुजणारं खाद्य आणि दाटी कमी केली नाही, तर औषधाचा गुण टिकत नाही. संख्या वाढली की त्या त्वचा आणि कल्ले खरचटून काढतात आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दगावते.

मत्स्यबीज तळ्यात सोडण्यापूर्वी ते १०० लिटर पाण्यात १ किलो मीठ घालून, हवा चालू ठेवून ३० मिनिटं ठेवा. मासे कलंडले तर लगेच काढा. तळ्यात हे जमणारं नाही.

तळ्यासाठी फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) २५ पीपीएम, म्हणजे १,००० घनमीटर पाण्याला २५ लिटर. चूक होते ती आकारमानात. पाण्याचा पृष्ठभाग ३०×३० मीटर, खोली ३ मीटर आणि उतार १:१ असलेल्या शेततळ्यात २,७०० नव्हे, सुमारे २,२०० घनमीटर पाणी असतं. सरळ गुणाकार केला तर ५५ ऐवजी साडेसदुसष्ट लिटर पडतं. शिवाय दर ५ पीपीएम फॉर्मेलिनमागे लिटरला साधारण १ मिलिग्रॅम प्राणवायू कमी होतो. म्हणून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी टाकू नका. कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते वापरूच नका. तो माशांना फार विषारी असतो.

गायरोडॅक्टायलस थेट पिल्लं देतो. सिक्लिडोगायरस अंडी घालतो आणि ती औषधाला दाद देत नाहीत. कल्ल्यांवर तो सापडला असेल, तर आठवड्याने पुन्हा कल्ले तपासून दुसरी मात्रा ठरवा.