सिंहावलोकनी छायाचित्र-प्रदर्शन

एकाच छायाचित्रकाराच्या सबंध कारकिर्दीतून निवडलेल्या प्रिंटचे प्रदर्शन. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे असे प्रदर्शन २०१० मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले. त्यांना वृत्तछायाचित्रकार म्हणावे की मानवतावादी (सामान्य माणसांचे जगणे टिपणाऱ्या) परंपरेत बसवावे, याविषयी मतभेद संभवतो. राजकीय प्रसंगांची छायाचित्रे पहिल्या मताला बळ देतात. मात्र मुंबईच्या दैनंदिन जीवनाची सुरुवातीची छायाचित्रे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांतील काही प्रथम पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. तेव्हा श्रेयनिश्चितीही संयोजकालाच करावी लागते.

कालनिश्चिती : निगेटिव्हचे साल तेच प्रिंटचे असे नसते, फलकावर दोन्ही द्यावीत. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर त्यात प्रकाशवर्धक द्रव्य असते व प्रिंट बहुधा १९५० नंतरची. न चमकल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरच्या काही कागदांतही हे द्रव्य नाही. प्लॅस्टिकलेपित (आरसी) कागद साधारणतः १९७० च्या सुमारास रूढ झाला. मागचा शिक्का हा दुय्यम पुरावा. तो केव्हाही मारता येतो.

खानदेशातील मांडणी : जळगाव, धुळे व नंदुरबार भागांत मुख्य अडचण हवेची. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५° से.च्या आसपास जातो आणि कोरड्या हवेने फायबर (प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या) कागदाच्या कडा वळतात. त्यावर उपाय म्हणून दालनात पाण्याचा कूलर लावतात, तो अधिक घातक. आर्द्रता झपाट्याने चढते, प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो व काचेला चिकटतो. चिकटलेली प्रिंट ओढू नये, थर काचेवरच राहतो. आर्द्रता ३०–५० टक्के राखावी. त्याहीपेक्षा ती दिवसभरात फार वरखाली होऊ न देणे महत्त्वाचे. वातानुकूलन नसल्यास प्रदर्शन दिवाळीनंतर, फेब्रुवारीअखेरपर्यंत घ्यावे. उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत मोकळी सोडावी. प्रकाश ५० ते १०० लक्स (प्रकाशमानाचे एकक).

काच व प्रिंट यांत अंतर राहावे म्हणून खिडकी कापलेला आम्लरहित माउंट (पुठ्ठा) वापरतात. प्रिंट पाठीमागे सबंध डकवत नाहीत. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या स्टार्चच्या घट्ट खळीने लावतात. खळ पातळ असल्यास कागद सुरकुततो. सेलोटेपचा पिवळा डाग सहसा निघत नाही.