ऑनलाइन पोकरचा प्रसार

आंतरजालावरून पैसे लावून पोकर खेळण्याची प्रथा व तिची वाढ, विशेषतः 2003 ते 2006 या काळातील. खेळाचे नियम व हातांची श्रेणी येथे गृहीत धरली आहे.

प्रारंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. 1990 च्या दशकात आयआरसी या गप्पा-प्रणालीवर आज्ञा टंकून पोकर खेळला जाई, पण त्यातले पैसे लटके असत. खऱ्या पैशांचा पहिला डाव प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर 1 जानेवारी 1998 रोजी झाला, असे सामान्यतः मानतात. गमावण्यासारखे काहीच नसेल तर हूल देण्यात (ब्लफ, म्हणजे कमकुवत पत्ते चांगले भासवण्यात) अर्थ उरत नाही. त्यामुळे ही दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते. पॅराडाइज पोकर 1999 मध्ये, तर पार्टीपोकर व पोकरस्टार्स 2001 मध्ये आले.

आरंभीची खरी अडचण विश्वासाची होती, कारण पत्ते पिसणारे हात खेळाडूला दिसत नसत. ही शंका फेडण्यासाठी एएसएफ सॉफ्टवेअर कंपनीने आपली पिसण्याची रीत उघड केली आणि ती अंगाशी आली. 52 पत्त्यांचे संभाव्य क्रम सुमारे 8 वर 67 शून्ये इतके असतात. या प्रणालीत मात्र यादृच्छिक आकड्यांचे बीज (ज्या संख्येपासून ते सारे आकडे काढले जात ती) मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून घेतले जाई. दिवसात मिलिसेकंद 8,64,00,000. म्हणजे निघू शकणारे क्रमही फार तर तेवढेच. 1999 मध्ये रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या अभ्यासकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवून शक्यता सुमारे दोन लाखांवर आणल्या. मग हातातली दोन आणि पटावरची तीन पाने कळली, की जुळणारा क्रम सापडे व प्रतिस्पर्ध्यांचे पत्ते उघडे पडत. आणखी एक चूक अशी, की पिसताना प्रत्येक पत्त्याची जागा कोणत्या पत्त्याशी बदलायची याचा आकडा 1 ते 51 मधूनच निवडला जाई. परिणामी मूळ कॅटीतले शेवटचे पान पिसल्यावर शेवटी येणे अशक्यच होते. पुढे पिसण्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हा संकेतस्थळांच्या जाहिरातीचाच भाग बनला.

वाढीचे श्रेय बहुधा क्रिस मनीमेकर या अमेरिकन लेखापालाला दिले जाते. पोकरस्टार्सवरील पात्रता स्पर्धेतून (सॅटेलाइट) ते 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या वार्षिक स्पर्धामालेच्या मुख्य स्पर्धेत पोहोचले आणि 839 खेळाडूंत पहिले येऊन त्यांनी 25 लाख डॉलर जिंकले. पात्रता स्पर्धेचे शुल्क अनेक वृत्तांतांत 39 किंवा 40 डॉलर आढळते. त्यांनी स्वतः 86 सांगितले असल्याने तो आकडा धरावा. थेट प्रवेशाला 10,000 डॉलर लागत. ‘मनीमेकर परिणाम’ हे नाव रूढ असले, तरी एका विजयावर एवढा भार टाकणे जरा जास्तच होते. खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणारा कॅमेरा ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 1999 पासूनच होता. 2003 च्या मार्चमध्ये अमेरिकेत वर्ल्ड पोकर टूर या स्पर्धामालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले, तेही अशा कॅमेऱ्यासह. त्यामुळे पूर्वी कंटाळवाणा वाटणारा डाव पाहण्याजोगा झाला. शिवाय संकेतस्थळाला नवे टेबल मांडायला खर्च जवळजवळ नसल्याने काही सेंटांचे डावही चालत आणि एकच खेळाडू चार-चार टेबले एकदम सांभाळी. मुख्य स्पर्धेतील संख्या 2004 मध्ये 2,576, 2005 मध्ये 5,619 व 2006 मध्ये 8,773 झाली.

ऑक्टोबर 2006 मधील अमेरिकी कायद्याने बेकायदा आंतरजालीय जुगाराशी संबंधित रकमा स्वीकारण्यावर बंदी आणली. पार्टीपोकरने तेथील खेळाडू सोडले आणि 2007 मध्ये मुख्य स्पर्धेत 6,358 जणच उतरले. 15 एप्रिल 2011 रोजी पोकरस्टार्स, फुल टिल्ट व अ‍ॅब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळांवर अमेरिकी सरकारने कारवाई केली. खेळाडू त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. 2013 पासून नेवाडा, डेलावेअर व न्यू जर्सी या राज्यांत परवान्याने खेळ सुरू झाला. 2006 चा उच्चांक मात्र 2023 मध्ये 10,043 खेळाडू येईपर्यंत मोडला नाही.