वृषणात इंटरल्यूकिन कशासाठी?

शुक्राणू वयात आल्यावर तयार होऊ लागतात. 'आपलं' आणि 'परकं' यांची ओळख प्रतिकारशक्ती त्याच्या कितीतरी आधी करून घेते. त्यामुळे शुक्राणूवरची कित्येक प्रथिने तिला परकीच वाटतात. १९५० च्या दशकात गिनीपिगना वृषणाच्या ऊतीचा अर्क प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या विशिष्ट तेलकट मिश्रणातून टोचला, तेव्हा त्यांची शुक्राणूनिर्मिती थांबली. त्याच काळात, १९५४ मध्ये, मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे सापडली. मग एरवी शुक्राणू वाचतात कसे?

उत्तर मिळालं ते भिंतीचं. रक्तात सोडलेले काही रंग इतर अवयव रंगवतात, पण वृषणातल्या शुक्रनलिकांत, म्हणजे शुक्राणू तयार होतात त्या नळ्यांत, शिरत नाहीत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. १९७० मध्ये डिम आणि फॉसेट या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं की शेजारशेजारच्या सर्टोली पेशींचे (नलिकांच्या आत वाढत्या शुक्राणूंना आधार देणाऱ्या पेशींचे) घट्ट सांधेच ही वाट अडवतात. प्रश्न सुटल्यासारखा वाटला, आणि माझ्या मते इथेच थोडी घाई झाली.

कारण १९८७ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना उंदराच्या निरोगी वृषणात इंटरल्यूकिन-१ सारखा घटक भरपूर आढळला. इंटरल्यूकिन म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ते रेणू. त्यातला ताप आणि दाह यांच्याशी जोडला गेलेला हा रेणू, तोही दाहाचा मागमूस नसताना! पुढे कळलं की तो मुख्यतः सर्टोली पेशींतून येतो आणि शुक्राणूनिर्मितीच्या टप्प्यांनुसार कमीजास्त होतो. टीएनएफ आणि टीजीएफ-बीटा-३ या अशाच निरोप्या रेणूंचं काम तर अधिकच अनपेक्षित निघालं. विकसित होणाऱ्या पेशींना भिंत ओलांडून आत जावं लागतं, आणि त्या वेळी हे रेणू सर्टोली पेशींचे सांधे सैल करायला मदत करतात.

इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफसारखे रेणू प्रमाणाबाहेर वाढले की नलिकांच्या बाहेर असणाऱ्या लायडिग पेशींची टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची निर्मिती मंदावते. गंभीर संसर्गात टेस्टोस्टेरॉन घसरण्याचं हे एक कारण. उलट, ज्या उंदरांमध्ये जन्मतःच मॅक्रोफेज (लायडिग पेशींच्या शेजारी राहणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी) फार कमी असतात, त्यांचंही टेस्टोस्टेरॉन कमीच भरतं. म्हणजे लायडिग पेशींना हा शेजार हवाही असतो. मात्र इंटरल्यूकिन-१ चा निरोप पेशीवर स्वीकारणारा मुख्य ग्राहक रेणू (रिसेप्टर) काढून टाकलेल्या उंदरांना पिल्ले होतात, तेव्हा एकाच रेणूवर सगळा भार टाकणाऱ्या दाव्यांकडे जरा संशयानेच पाहिलेलं बरं.