पार्किन्सन्समधली मानसिक उजळणी

पाऊल उचलण्याआधी ते मनात नीट बघायचं, टाच कुठे टेकणार, गुडघा किती वर येणार हे आतून जाणवू द्यायचं आणि मग चालायचं, पार्किन्सन्सच्या (हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या) पेशंटसाठी वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीला फिजिओवाले मोटर इमेजरी म्हणतात. हा गोळ्यांना पर्याय नाही, लेवोडोपा वगैरे औषधं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच राहतात.

या पद्धतीचं मूळ नेमकं कुठलं यावर एकमत नाही. काहीजण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरपर्यंत मागे जातात, नुसत्या कल्पनेनेही स्नायू हलतात असं त्यांनी १८५२ साली मांडलं होतं, पण तो विचार या आजारासाठी नव्हता, त्यामुळे हा धागा जरा ताणल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा १९६० च्या दशकातलं ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांचं काम जास्त जवळचं. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अडखळणारा पेशंट त्या ओलांडत बरा चालतो हे त्यांनी नोंदवलं. पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस आणि सहकाऱ्यांना दिसलं की रेघा नसतानाही लांब पाऊल मनात धरलं तर ते खरंच लांब पडतं. डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झाल्याने बेसल गँग्लिया या मेंदूच्या आतल्या भागाकडून आपोआप होणारी कामं ढेपाळतात आणि मुद्दाम लक्ष दिलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो, असं साधारण मानतात.

पण इथेच एक गाठ आहे. एका बाजूलाच आजार असलेल्या पेशंटमध्ये त्या बाजूची कल्पनेतली हालचालसुद्धा हळू होते, असं १९९५ मध्ये दिसलं होतं. निकालही दोन्हीकडचे आहेत: २००७ मध्ये इस्राएलमध्ये २३ पेशंटांत व्यायामाला कल्पनेची जोड दिल्यावर हालचालींच्या मंदपणात जास्त फरक पडला, तर २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ४७ जणांत रिलॅक्सेशनच्या तुलनेत ठळक फरक सापडला नाही. कल्पना एकटी नको, व्यायामासोबतच हवी, हे म्हणणं जास्त पटतं.

या आजारात चालताना पाय एकदम जमिनीला खिळतात, आणि ठाण्यात अशा जागा म्हणजे लिफ्टचं दार, उंबरठा, स्टेशनच्या पुलावरची गर्दी. पाचपाखाडीतले एक आजोबा लिफ्टसमोर अडकले की काकू हात ओढत नाहीत, फक्त म्हणतात, "अहो, आधी मनात पलीकडे जा." ते थांबतात, डावी टाच आतल्या फरशीवर टेकलेली डोळ्यांसमोर आणतात, मग पाय सुटतो, कधी दुसऱ्या झटक्यात. त्यावेळी हातात भाजीची पिशवी नको आणि कोणी बोलायलाही नको, दोन कामं एकदम आली की चित्र विस्कटतं आणि पाय परत चिकटतो.