मेंदूतली छोटी रिंग

शाळकरी मुलाला एकाएकी आकडी येते, एका हाताला झटके बसतात, तोंड वाकडं होतं. एमआरआयच्या रिपोर्टात 'रिंग एन्हान्सिंग लीजन' (उजळ कड्याची गाठ) असे शब्द दिसतात आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ट्यूमर असेल का? आपल्या देशात अशी एकच लहान रिंग दिसली, तर बहुतेक वेळा ती डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीची गाठ निघते. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

'आमच्याकडे तर मटणसुद्धा शिजत नाही', असं पालक सांगतात, आणि ते खरंच असतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांवाटे कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. अंड्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत पोचते. जिवंत असेपर्यंत ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत राहते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि आकडीही बहुधा तेव्हाच येते. शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध त्या सुजेत झिरपतं, म्हणून स्कॅनवर उजळ कडं दिसतं. कड्याच्या आत एक ठिपका दिसला, तर ते अळीचं डोकं. स्कॅनवर इतका पक्का पुरावा दुसरा नाही.

१९८०च्या दशकात सीटी स्कॅन आले, तेव्हा अशा कड्यांना सर्रास टीबीची गाठ समजून मुलांना महिनोन्महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी गाठींचे तुकडे तपासले, तेव्हा बऱ्याच गाठींत अळी सापडली. त्यांनीच मग अळीची गाठ ओळखण्याचे निकष मांडले: गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा नितळ, मेंदू एका बाजूला सरकलेला नसणे. टीबीची गाठ बहुधा याहून मोठी आणि ओबडधोबड असते. किती मुलं नको त्या औषधांतून सुटली असतील!

उपचारात आकडीचं औषध, सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि अनेकदा अल्बेंडाझोल असतं. जंताची साधी गोळी म्हणून अल्बेंडाझोल मनाने देऊ नये. अळ्या मरताना सूज वाढू शकते.

पुढच्या काही महिन्यांत बरीच कडी विरून जातात. काहींच्या जागी कॅल्शियमचा ठिपका उरतो. तो एमआरआयपेक्षा सीटीवर स्पष्ट दिसतो. असा ठिपका राहिलेल्या मुलाला पुन्हा आकडी येण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याचं औषध बंद करण्याची घाई डॉक्टर करत नाहीत.