अंगण-रेल्वेचे सिग्नल

घराच्या अंगणात, परसात किंवा गच्चीवर उघड्यावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवरचे चालते सिग्नल. त्यांचा हात, म्हणजे खांबाच्या टोकाजवळची पट्टी, खरोखर हलतो, दिवा बदलतो आणि त्यांच्या संकेतानुसार गाडी थांबते किंवा सुटते. रंगवून शोभेला उभा केलेला खांब या व्याख्येत बसत नाही, मग तो कितीही हुबेहूब असो.

बागेतल्या गाड्यांसाठी ४५ मिमी हे रूळअंतर जगभर रुळले, ते विशेषतः न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ नावाने आणलेल्या गाड्यांमुळे. त्याचे प्रमाण १:२२.५, म्हणजे खऱ्याहून २२.५ पट लहान. मीटरगेज, म्हणजे एक मीटरचे रूळअंतर, या प्रमाणात ४४.४ मिमी भरतो, म्हणजे जवळजवळ नेमका. सांगली-साताऱ्याच्या हौशी माणसाला हे सोयीचे पडते, कारण पुणे–मिरज हा लोहमार्ग १९७१ पर्यंत मीटरगेजच होता. मिरज–कुर्डुवाडी ही बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमीची लाइन करायची असेल, तर १:२४ प्रमाण धरून ३२ मिमीचे रूळ चालतात. मिरज जंक्शनावर काही काळ ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीनही रूळ नांदत होते. एका अंगणात तिन्ही मांडण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा.

हाताचे सिग्नल दोन तऱ्हांचे. जुन्या, दोन संकेतांच्या पद्धतीत हात आडवा असला तर ‘थांबा’ आणि ४५ ते ६० अंश खाली झुकला तर ‘या’. फलाटावर ‘सिग्नल पडला’ म्हटले की लोक सामान उचलत, ते या हातामुळे. पुढे आलेल्या बहुसंकेत पद्धतीत हात वर जातो: आडवा म्हणजे थांबा, ४५ अंश वर म्हणजे सावध, सरळ उभा म्हणजे जा. तरी बोलण्यात सिग्नल ‘पडतच’ राहिला.

दोन्ही तऱ्हांमागे एकच अट असते. लिव्हरपासून हातापर्यंत जाणारी तार तुटली, खिळा निसटला, काहीही बिघडले तरी हात आपोआप ‘थांबा’वर आला पाहिजे. वर जाणारा हात स्वतःच्या वजनाने खाली येऊन आडवा होतो. खाली पडणाऱ्या हाताच्या बाबतीत, तो जिच्यावर फिरतो त्या खुंटीच्या दुसऱ्या बाजूची रंगीत काचांची ओतीव चौकट हातापेक्षा जड ठेवतात, म्हणजे ती खाली बसते आणि हात वर आडवा होतो. एवढ्यानेही भागत नाही, हे २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे दिसले. बर्फाने गोठलेले हात ‘जा’वरच अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर हात एरवीही ‘थांबा’वरच ठेवायचा आणि गाडी येणार असेल तेव्हाच पाडायचा, ही रीत पक्की झाली.

छोट्या प्रमाणात नेमकी हीच अट पाळणे अवघड जाते. सर्व मापे २२.५ पट लहान केली की वजन सुमारे ११,४०० पट घटते. खुंटीतले घर्षण, गंज आणि धूळ मात्र त्या हिशेबाने घटत नाहीत. खरा चार फुटी हात आपल्या वजनाने तार मागे खेचण्यास मदत करतो. ५४ मिमीचा पितळी हात काही ग्रॅमचा, तो तार खेचेल ही आशा धरू नये. म्हणून खांबाच्या पायथ्याशी एक आडवी दांडी बसवून तिच्या टोकाला मासेमारीच्या गळाचे शिसे अडकवतात. ते दिसायला खऱ्या सिग्नलच्या वजन-दांडीसारखेच दिसते, हा वरचा फायदा. हात ०.५ मिमी पितळी पत्र्याचा, खांब सागवानी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा करतात. खुंटीला सायकलच्या आऱ्याचा तुकडा पुरतो. खऱ्या आठ मीटरच्या खांबाची उंची येथे ३५ सेंमी येते. मांजराच्या शेपटीचा धक्का बसेल इतकी, त्यामुळे खांब जमिनीत कायमचा न गाडता काँक्रीटमध्ये पुरलेल्या पाइपच्या तुकड्यात खोचावा.

तारेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. मिरजेत सतारमेकर गल्लीत मिळणारी सतारीची पोलादी तार या कामाला फार गोड: बारीक, ताठ, ताणली तरी न वाढणारी. पण ती एका पावसाळ्यात गंजते. म्हणून ती गच्चीवरच्या छपराखाली वापरावी आणि अंगणात स्टेनलेस तार घ्यावी. दुसरी अडचण उन्हाची. पोलाद दर अंशाला, दर मीटरला सुमारे ०.०१२ मिमी वाढते. दहा मीटर तार पहाटे आणि भर दुपारी ३५ अंशांच्या फरकात ४ मिमीहून अधिक लांबते. हात पूर्ण पडायला खुंटीपाशी एकूण ५ मिमीच्या आसपास ओढ लागते. म्हणजे सकाळी नीट लावलेला सिग्नल दुपारी लिव्हर ओढूनही जेमतेम मान हलवतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत हे रोजचे. दुपारी तार आवळावी, तर पहाटे ती आखडून हात अर्धवट पाडून ठेवते, आणि अर्धवट हात हा सर्वांत वाईट संकेत. उपाय असा: लिव्हरची ओढ गरजेच्या दुप्पट-तिप्पट ठेवावी, हाताला दोन्हीकडे पक्के अडसर द्यावेत, तारेत एक मऊ स्प्रिंग घालावी आणि लिव्हर मागे असताना तार मुद्दाम थोडी सैल राहू द्यावी. जादा ओढ स्प्रिंग पिते, सैलपणात थंडीचे आखडणे जिरते. खऱ्या रेल्वेच्या केबिनमध्येही याचसाठी तार आवळण्याची सोय असे.

तारेऐवजी हल्ली बहुतेक जण सर्व्हो मोटर लावतात. ९ ग्रॅमची छोटी सर्व्हो दर २० मिलिसेकंदांनी मिळणाऱ्या १ ते २ मिलिसेकंदांच्या विद्युत्‌स्पंदावरून आपला कोन ठरवते. आर्डुइनोसारख्या स्वस्त नियंत्रक-पाटीवर हात सावकाश पाडणे, शेवटी एक हलका हेलकावा देणे सहज जमते. देखणे दिसते यात शंका नाही. पण वीज गेली की सर्व्होचे दाते असतात तिथेच धरून बसतात. हात पडलेला असेल तर पडलेलाच. वरची मूळ अट येथे मोडते, म्हणून सर्व्होचा सिग्नल हा जाणकारांच्या लेखी अर्धाच सिग्नल. वीज असेपर्यंत विद्युत्‌चुंबकाने हात पाडून ठेवायचा आणि वीज गेली की शिशाने तो वर न्यायचा, ही जोडणी बोजड असली तरी खरी.

गाडी कुठे आहे हे ओळखण्यासाठी मोठ्या रेल्वेत रूळ-मंडल वापरतात. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत बंद मंडलाची पद्धत आणली: रुळांतून सतत वाहणारा प्रवाह रिले (विजेने चालणारा स्विच) धरून ठेवतो, गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात किंवा रूळ तुटतो तेव्हा रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. अंगणात ही पद्धत रडवते. डब्यांची चाके प्लास्टिकची असतात आणि ओल्या खडीतून प्रवाह पाझरतो. इन्फ्रारेड संवेदक उन्हात आंधळे होतात. टिकतो तो चुंबक जवळ आला की जुळणारा रीड स्विच: इंजिनाच्या पोटाशी चुंबक, रुळांमध्ये काचेच्या नळीतला स्विच. मात्र तो गाडी गेली एवढेच सांगतो, मागे सुटून राहिलेला डबा त्याला कळत नाही.

सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) आणि सिग्नल यांची सांगड, म्हणजे सांधा नीट लागल्याशिवाय सिग्नल पडूच नये ही सोय, ही या कामातली खरी कसोटी. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट घेतले. अंगणात लिव्हरखाली खाचा पाडलेल्या पितळी पट्ट्या बसवून ती साधता येते. त्याहून सोपे म्हणजे सांध्याची जीभ रुळाला नीट टेकली तरच दाबला जाईल असा मायक्रोस्विच सिग्नलच्या मंडलात घालणे.

रात्रीच्या दिव्यात एक गंमत आहे. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून खऱ्या सिग्नलची ‘हिरवी’ काच निळसर असे. पांढऱ्या एलईडीपुढे तीच काच निळी दिसते. पिवळसर एलईडी घ्यावा. १२ व्होल्टवर, १० मिलिॲम्पियरसाठी १ किलोओहमचा रोधक बसतो.

हवा-माती हा स्वतंत्र विषय आहे. सांगलीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; तिच्यावर थेट रोवलेला खांब दिवाळीपर्यंत कलतो. मातीचा थर काढून मुरूम ठोकून भरावा लागतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला दमट धुक्याने लाकूड फुगते, तर माण-खटावात धुळीने खुंटी अडते. किडे सर्वत्र. या नोंदीच्या लेखकाच्या अंगणात होम सिग्नलची (स्टेशनात शिरण्यापूर्वीच्या सिग्नलची) वजन-दांडी पावसापासून वाचवायला पाइपच्या तुकड्यात घातली होती. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर लिव्हर मागे टाकली, ती गेली, पण हात पडलेलाच राहिला, आणि मालगाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर, उभ्या डब्यांवर गेली. पाइपात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. इथे बर्फ पडत नाही एवढेच. तेव्हापासून दांडी उघडी आहे.

अंतरे मात्र जुळवता येत नाहीत. स्टेशनने गाडी घ्यायला होकार देण्यापूर्वी पहिल्या थांबा-सिग्नलपुढे रिकामी हवी ती लाइन भारतीय रेल्वेत दोन संकेतांच्या पद्धतीत किमान ४०० मीटर आणि बहुसंकेत पद्धतीत १८० मीटर धरतात. अंगणात ती १८ आणि ८ मीटर होते. त्यामुळे बहुतेक जण होमच्याही आधीचा आउटर वगळून होम आणि गाडी सोडणारा स्टार्टर यांवर भागवतात. लिव्हरचे रंग तरी खरे ठेवावेत: थांबा-सिग्नलची लाल, डिस्टंटची (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलची) पिवळी, सांध्याची काळी, सांध्याच्या कुलपाची निळी आणि वापरात नसलेली पांढरी. लिव्हरच्या पहिल्याच चौकटीत दोन पांढऱ्या राखून ठेवाव्यात; सायडिंग, म्हणजे डबे उभे करायची बाजूची लाइन, वाढतेच.